नोंद क्रमांक एकेचाळीस

इब्रीत डिसेंबरात नर माजावर येतात.
तोंडाला फेस, घशातून लोंबणारा गुलाबी फुगा,
आणि दोन दिवसांनी कुणीतरी पिकअपमधून उतरवतो
बिजागरी सुटलेल्या फाटकासारखा जबडा.

यंदा बर्राक. वय नऊ.
सुळ्यामागे, दोन्ही बाजूंना, उघडं हाड.
उदगीरला मी शिकले ती बैलांची सडकी शिंगं कापत;
उंट पुस्तकात होता एका पानावर,
तेही पान पुढच्याला चिकटलेलं.

तार दातांभोवती घ्यायची, पिळायची.
एक पीळ जास्त, की तुटते.
एक कमी, की हाड हलतं.
चौदा वर्षं मी हाच पीळ मोजतेय.
तार की पट्टी, पू झाला का,
कितव्या दिवशी चघळलं, मालक खलफान समाधानी की नाही,
सगळ्याला रकाना आहे.

अदरोबला नाही.
कसालाहून आलेला उंटवाला,
एकवीस रात्री बर्राकच्या मानेला टेकून झोपला,
भिजवलेला कोंडा न् खजूर भरवत,
डाव्याच मुठीनं.
उजवी कुठंय? मी मोडक्या अरबीत विचारलं.
बाहीत, म्हणाला.

बाहीत मनगट होतं, पालथ्या चमच्यासारखं.
'यानंच?'
'त्याचा काय दोष. तेव्हाही डिसेंबरच होता.'
'कुणाला दाखवलंस?'
'दाखवतोय की.'

मशीन जनावरांचं. तसा नियम भिंतीवर, दोन भाषांत.
रात्री सगळे गेल्यावर मी त्याचा हात पाटीवर ठेवला,
आणि तोंडातून निघून गेलं, बैलाला म्हणायचे तसं:
हो... हो रे...
तो हलला नाही.

पडद्यावर हाड उजळलं.
वाकडं जुळलेलं. पण जुळलेलं,
कुणाच्याही तारेवाचून.
खाली चौकटी लुकलुकत राहिल्या:
प्रजाती. लिंग. मालक.
मालकापाशी माझं बोट अडलं.
'तिथं बर्राक लिही,' अदरोब म्हणाला,
हसला नाही.

सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागेल,
मी सांगितलं.
त्यानं थोडा विचार केला असावा.
मग डाव्या हातानं बाहीचं बटण लावत,
दोनदा चुकत,
कोंडा भिजला असेल म्हणून
बाहेर गेला.