स्वखुशीने

डिचोलीत, सब-रजिस्ट्रारच्या पायऱ्यांसमोर
झेरॉक्सवाल्याच्या शेडला टेकून माझं टेबल.
एकोणीस वर्षं लोकांचे मसुदे टाइप करते.

जुन्या यंत्राचा ख उमटत नसे.
'स्वखुशीने' लिहिताना मधेच भोक पडायचं,
ते मी मागाहून निळ्या पेनाने बुजवायचे.
किती बहिणींनी हक्क सोडले,
किती बायकांनी भाटं विकायला मान हलवली,
सगळ्यांची खुशी माझ्या हातची.

आज प्रेमावती आली. म्हणजे आणली.
मयें गावची. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात,
त्यावर कुणा पोराने बॉलपेनाने मासा काढलेला.
काजूचं भाट विकायचंय, गिऱ्हाईक दिल्लीचं,
आणि कायद्याने अर्धं तिचं,
तिच्याशिवाय कागद हलत नाही.

"हात कसा मोडला?"
"न्हाणीत निसरली," नवरा म्हणाला.
विचारलं होतं तिला.
"सही जमणार नाही. डावा अंगठा चालता न्हय?"
घाईत सहीचाच हात मोडून बसला होता.

तो स्टँप आणायला गेला.
मी मसुदा मोठ्याने वाचायला घेतला:
चतुःसीमा, सर्व्हे नंबर, घर एक, झाडं एकशे चाळीस,
आणि त्या शब्दापाशी थांबले.
"हें बरोवूं?"

स्टँडवर कंडक्टर कितीतरी वेळ
साखळी, साखळी ओरडत राहिला.
मग ती म्हणाली,
"अर्धं म्हणजे कुठलं? झरीकडचं की रस्त्याकडचं?"
"सगळ्यातलं. झाडाझाडातलं."
"न्हाणीतलं?"
"न्हाणीतलं पण."
"आणि दाराच्या कडीतलं?"
हसली नाही. प्लास्टरबाहेरची बोटं
एकेक करून हलवून बघत होती.

तो परतला तेव्हा मी सांगितलं,
आज ख येत नाही.
"कंप्युटराचेर?"
कंप्युटरवरसुद्धा. सोमवारी या.

एवढंच केलं. चार दिवस.
चार रात्रीही त्यातच आल्या, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं,
आणि सबंध वाटेत दुसरं काही सुचलं नाही.

तो यायच्या आधी मी
चहाच्या बिलामागे महिला पोलिसांचा नंबर लिहून दिला होता.
तिने तो घडी घालून प्लास्टरमध्ये सरकवला,
कापसाच्याही आत,
खाज सुटली तरी बोट पोचत नाही तिथे.