धुण्याचा सोडा

खायचा सोडा सगळीकडे मिळतो.
धुण्याचा सोडा मिळत नाही.
को-ऑपच्या दुकानातली पोरगी, नाकात चमकी,
निळ्या, गुलाबी, लव्हेंडर वासाच्या बाटल्या दाखवते
आणि विचारते, कपडेच धुवायचेत ना, आजी?

नाही गं. रंधा धुवायचाय.

बाबांचा. तळघरात, बॉयलरच्या मागे,
ओल्या पोत्याखाली एकवीस हिवाळे.
उचलला तेव्हा हाताला खाणीचा रंग लागला,
तोच, जो बाबांच्या कॉलरमधून
आईला कधी काढता आला नाही.
मिशिगनच्या या वरच्या टोकाला
तांबड्या रंगाला कोणी डाग म्हणत नाही.

शेजारचे वर्नर हेइकिला
कुंपणापलीकडून सांगतात: मीठ टाक, मूठभर.
मिठाने क्लोरीन सुटतो, मी वाचलंय.
मग व्हिनेगर. मग, त्यांच्या भावाने एकदा म्हणे, बिअर.
सळईऐवजी स्टीलचा झारा देऊ करतात.
तो तर मुळीच नाही. न गंजणारं चकचकीत स्टील
पाण्यात पिवळं विष सोडतं.
आई आमच्या पास्टरबद्दल
असंच काहीसं म्हणायची.

शेवटी खायच्याच सोड्याचे चार डबे
ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये सारले,
चारशे अंशांवर, तासभर.
ना वास, ना रंग, ना फुगणंबिगणं.
आतल्या आत पाणी सोडलं, वायू सोडला,
वजन तिसऱ्या हिश्शाने उतरलं,
आणि खायचा होता तो धुण्याचा झाला.
अडुसष्टाव्या वर्षी
मला या गोष्टीचं फार बरं वाटलं.

प्लास्टिकची बादली. गाडीच्या बॅटरीचा चार्जर.
लाल चिमटा सळईला, काळा रंध्याला;
उलट केलंस तर रंधाच झिजेल,
वर्नर तीनदा बजावून गेले.
हे मात्र त्यांना बरोबर माहीत होतं.
खिडकी उघडी, बाहेर उणे अकरा,
ठिणगी नको, त्यांची सिगरेट तर नकोच.
दूध उतू जायच्या जरा आधी करतं
तसा बारीक आवाज, रात्रभर.

सकाळी वर विटकरी फेस.
सळई अर्धी खाल्लेली.
रंधा काळा. ब्रशने काळं निघालं
आणि बाजूला, खिळ्याने कोरलेलं:
जे. ट्रेव्हारो.

बाबा सांगायचे, विकत घेतला, तीन डॉलरला.
कुणाकडून, ते कधी नाही.
ट्रेव्हारो म्हणजे खाणीतला मुकादम.
घरात त्याचं नाव निघालं
की बाबा ताट सारून उठायचे.

ओलं लोखंड विचार करायला वेळ देत नाही,
दहा मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतं.
म्हणून आधी हेअर ड्रायर,
मग तेल,
मग बाबा.

परत करावा तर कुणाला?
ट्रेव्हारोंची गल्ली जुन्या खाणीवर होती.
मी शाळेत असताना घरं ट्रकवर चढवून नेली,
आता तिथे जाळीचं कुंपण आणि पाटी:
जमीन खचते.
आतली सफरचंदाची झाडं अजून फळतात,
हरणं खातात.

सॉनाचं दार मार्चमध्ये अडतं.
दोन हात फिरवले. सीडरची सालपटं
कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.
मूठ डाव्या हाताने झिजलेली आहे.
बाबा उजवे.

मग बादली उचलली, दोन्ही हातांनी, सांडत सांडत,
त्या कुंपणापाशी नेली
आणि गाळ जाळीतून आत ओतला.
एवढं परत केलं.

घरी आले तर वर्नर दारात,
हातात भावाची गंजलेली कुऱ्हाड,
खिशात मूठभर मीठ,
न जाणो.