शनिवारपर्यंत

कागदोपत्री ती होसेफा.
आमच्या भाषेतली नावं तेव्हा दप्तरात चालत नसत,
म्हणून जोशेपा घरीच राहिली,
चुलीपाशी, गोठ्यात.
मी तिला आमा म्हणते. वडिलांना पापा.
एका टेबलावर दोन भाषा
आणि मी मधली मिठाची वाटी,
इकडून तिकडे सरकवलेली.

पापा एस्त्रेमादुराचे. तोलोसाच्या कागद गिरणीत आले
पत्र्याची पेटी आणि खणखणीत आवाज घेऊन.
एक्कावन्न वर्षं आमा त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये भांडली,
मिटवलंही स्पॅनिशमध्येच.
फक्त विणताना टाके मोजायची आपल्या एउस्कारात,
त्यामुळे पापांना वीसपर्यंत आकडे येतात,
आणि वीसनंतर सुई वळते, एवढं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंतर आलेलं आधी जातं.
आधी बँकेतले शब्द गेले, मग भाज्या, मग वार.
शिव्या बऱ्याच टिकल्या.
एका सकाळी तिनं पापांना एउस्कारात विचारलं,
तुम्ही कोण?
पापांना कळलं नाही,
म्हणून ते हसून "हो" म्हणाले.

आता एक्क्याऐंशीव्या वर्षी ते शिकवणीला जातात,
मंगळवार, गुरुवार, चष्म्याच्या दोन जोड्या घेऊन.
बाकावर शेजारी होंडुरासची योलिबेथ,
जी दोन म्हाताऱ्यांना सांभाळते,
पलीकडे मासळीच्या दुकानातला सेनेगलचा मोदू,
ज्याची ही सहावी भाषा; तो बोटं मोडून हसतो.
योलिबेथला म्हणे आता स्वप्नंही एउस्कारात पडतात.
पापांना नुसती झोप येते.

घरी येऊन माझ्यावर चिडतात:
मी आलो तरी मी, मी आणलं तरी मी,
सरळ माणसाची भाषा असते ती!
इथे हातून काही घडलं
की 'मी'ला शेपूट फुटतं, 'नी'चं 'निक' होतं.
मी त्यांना वहीत एक क्रियापद फोडून दाखवते,
दिसुत.
बघा, यात सगळे आहेत, पापा.
आधी ती वस्तू,
मग जिला दिली ती,
आणि शेवटच्या एका अक्षरात, दाराशी चपला काढून, तुम्ही.
ते बराच वेळ वहीकडे बघत राहतात.
मग म्हणतात, फार उशिरा येतो की मी.

काल गुरुवार.
वर्गातून आले ते कोट न काढताच
पेला भरून तिच्यासमोर उभे राहिले,
परीक्षेला उभे राहावं तसे:
"नी उरा एकार्री दिसुत."
मी पाणी आणलंय तुला.
शेपूट विसरलेच.

आमाचा चेहरा उतरला.
तिनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.
मला माहीत होतं ती कुठे आहे:
आठ वर्षांची, सिस्टरांच्या शाळेत,
जिथे एउस्कारा बोलताना सापडेल तिला
एक पितळी अंगठी घालायला लागायची
आणि दुसरी कुणी बोलताना ऐकली
की तिच्या गळ्यात मारता यायची.
शनिवारी जिच्या बोटात अंगठी, तिच्या हातावर छडी.
आमानं ती एकदा धाकट्या बहिणीला दिली होती,
इनाशीला.
हे तिनं मला सांगितलं इनाशी गेल्यावर,
टाके मोजता मोजता, मध्येच.

आता तिनं थरथरत लग्नाची अंगठी ओढून काढली,
सांध्यावर अडली तर थुंकी लावून काढली,
पापांच्या तळव्यात ठेवली, मूठ मिटली
आणि कानाशी लागून म्हणाली,
आता तुझ्याकडे. तू बोललास, मी ऐकलं.
पण सांगणार नाही हं कुणाला.

पापा माझ्याकडे वळले. काय म्हणाली?
आयुष्यभर दुभाषी मी. जीभ टाळूला चिकटली.
तुमची पाळी, म्हणाली.

करंगळीत पहिल्या पेरापर्यंतच गेली ती.
तशीच घालून बसलेत सकाळपासून,
'निक, निक' पुटपुटत.
आमा मधूनमधून बोट तपासते,
आहे ना अजून.
उद्या शनिवार.