दोन ओरे, लोखंडी

गुडलाउग बाईंनी हातमोज्यातून काढून
काउंटरवर ठेवलं, आणि विचारलं: किती येतील?

चुंबक जवळ नेलं. टक्कन चिकटलं.
म्हणजे तांबं नव्हे; तांबं तेव्हा तोफांनी खाल्लं होतं.
साल त्रेचाळीस. वजन साडेतीन ग्रॅमला जरा कमी,
तेवढं गंजानं नेलं.

असली माझ्याकडे बरणीभर पडून आहेत.
"कोरं असतं तर चार पैसे सुटले असते," मी म्हटलं,
"पण हे कडेला बोथटलंय, बघा, एकाच जागी.
याने कुणीतरी स्क्रू फिरवलाय.
एकदा नव्हे. रोज."

बाई भिंगावर वाकल्या.
बराच वेळ. मी उगाच तागडी पुसत बसलो.
बाहेर ऑलेसुन्दच्या धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला,
तरी मान वर नाही.

"शिलाई मशीनचा लाकडी खोका," मग म्हणाल्या,
"मागून चार स्क्रू.
संध्याकाळी बाबा खिशात हात घालायचे,
आई पडदा ओढून घ्यायची
आणि मला सांगायची, जा, झोप.
भिंतीपलीकडे लंडन खरखरायचं.
आम्हाला वाटायचं, शेजारी कुणाला ठाऊक नाही.
शेजारीसुद्धा त्याच वेळी पडदे ओढायचे."

मी सवयीनं चिठ्ठी लिहिली:
दोन ओरे, १९४३, लोखंड. कड खराब. पाच क्रोनर.

त्यांनी ती वाचली, घडी केली,
नाणं हातमोज्याच्या अंगठ्यात सरकवलं.
दारातून वळून म्हणाल्या,
"तिसरा स्क्रू अडायचा हो. नेहमी."