निव्वळ

चारशे सत्त्याण्णव पूर्णांक सहा.
पाचशेला अर्ज घेतात.
म्हणजे दोन तास आणि चार दशांश,
म्हणजे शिरपूरच्या पट्टीभोवती साधारण चोवीस फेऱ्या,
वारा तापीकडून आला तर.
सातपुड्याकडून आला तर काही सांगता येत नाही.

मी उजवीकडे बसते.
डावीकडे दर महिन्याला नवा माणूस:
त्रिशूरचा, भिवानीचा,
एक सुरतचा, ज्याला प्रत्येक वळणावर ओकारी यायची
आणि तरी दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर.
माझे हात मांडीवर. बोटं मात्र जागी.
असे हात मांडीवर ठेवून
मी तीनशे तास उडाले आहे.

मे महिन्यात नऊनंतर विमान नीट उठत नाही,
हवा पातळ होते, पाहुणे वाढल्यावरच्या ताकासारखी.
म्हणून पाचलाच हँगर,
डब्यात रात्रीची कळण्याची भाकर, ठेचा,
आणि पट्टीवरचे रोही हाकलायला
धुडकू आबा, त्यांची लूना.

संध्याकाळी जळगावहून सुटलेलं सत्तर आसनी
डोक्यावरून पश्चिमेला जातं. दोन पंखे, सरळ रेघ.
मी मान वर करत नाही. आवाजावरून कळतं
आज वेळेवर आहे की नाही.

दर्पण म्हणतो, एवढ्याशासाठी काय अडून बसलीस,
पेन आहे ना?
त्याचे साठ तास शाईतच उडाले.
आता इंदूरला असतो, गणवेशातले फोटो पाठवतो.
मी टोपण काढलं होतं. खोटं कशाला सांगू.
रकाना लहान असतो, आकडा त्याहून लहान.

आप्पा धरणगावच्या जिनिंगला, वजनकाट्यावर.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजा केलं की निव्वळ.
भरल्या गाडीत ड्रायव्हर बसून राहिला
की आप्पा खिडकीतून ओरडत,
"हेट उतर भाऊ, तुनं वजन कापूसमा शे का?"
सत्तर किलो. कुणाला कळणार होतं.
गाडीवाले त्यांना काट्यावरचा म्हसोबा म्हणत.

आज सकाळी जुनैद पिंजारीने
तीनदा ओळीने चाकं नीट टेकवली.
नंदुरबारचा. बोलणं कमी, घाम फार.
चौथ्या वेळी मी रेडिओवर कळवलं,
पट्टा सोडला, दार ढकललं.
"मॅडम, तुम्ही?"
"मी उतरते."

बारा मिनिटं.
हातात वॉकीटॉकी, डोक्यावर आबांचा रुमाल.
उजवी सीट रिकामी असली की विमान हलकं होतं,
वाटतं त्याहून लवकर उचलतं.
हे मी त्याला सांगितलं होतं.
सांगितलं होतं ना?
दुसऱ्या वळणाला तो जरा रुंद गेला
आणि इथे मुरमात माझा डावा पाय
आपोआप दाबला गेला, घोट्यापर्यंत.

उतरला. एकदा उसळला, मग बसला.
आबांनी बादली ओतली त्याच्यावर,
तो हसत होता की रडत, पाण्यात कळेना.

मीटर दोन दशांश पुढे सरकला होता.
ते त्याच्या वहीत गेले.
इतक्या तासांत मी एवढी कधी उडाले नव्हते,
आणि माझ्या वहीत त्याची ओळ नाही.

रात्री आप्पांचा फोन.
जेवलीस का, याच्याही आधी: किती झाले?
अठ्ठ्याण्णव, म्हटलं.
अजून दोन दशांश होते,
पण तेव्हा मी हेट होते.

थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मागे सरकीचा ट्रक उलटा घेत होते कुणीतरी,
येऊ दे, येऊ दे, बस.
मग म्हणाले,
"पोऱ्या कोना शे?"