सात घरं

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते.
हिची चार झाली होती:
बेकरीमागचं पिंप, जिन्याखालचा फाटका गालिचा,
मीटरांची पेटी,
आणि ओतारच्या लाडा गाडीचं इंजिन.
(तो रोज सकाळी आधी बॉनेटवर थाप मारायचा,
मगच किल्ली फिरवायचा.)
पाचवं घर म्हणून तिनं निवडला
सोळा मजली इमारतीच्या लिफ्टचा तळखड्डा.

तिबिलिसी, ग्लदानी. फेब्रुवारी.
इथं लिफ्टला अजून नाणं लागतं.
नाण्याशिवाय ती वर नेत नाही,
खाली मात्र फुकट आणते.
आणि त्या खालच्याही खाली, वंगणाच्या थारोळ्यात,
चार आवाज होते, सुईच्या टोकाएवढे.

वाझानं ते ऐकले.
अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला
कुठला आवाज यंत्राचा आणि कुठला नाही
हे सांगावं लागत नाही.
त्यानं मुख्य खटका पाडला.
दारावर पुठ्ठा लावला: बंद.
कारण लिहिलं नाही.

साडेचार तास
अख्खी इमारत पायांनी चढली.
बटाट्यांची पोती, एक ओली बाळंतीण,
चौदाव्या मजल्यावरचे पियानो शिकवणारे गृहस्थ,
प्रत्येक वळणावर दम खात
वाझाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे.

खाली वाझा पोटावर आडवा,
बाही खांद्यापर्यंत.
करडं. करडं. पांढऱ्या मोज्यांचं.
चौथं इतकं माखलेलं की रंगच कळेना.
नवव्या मजल्यावरची लामारा
लोकरी टोपी उलटी धरून उभी,
अंडी घ्यायला आल्यासारखी.

मग रात्री.
दर दोन तासांनी ड्रॉपर.
गरम पाण्याची बाटली, बाटलीला मोजा.
ओल्या कापसानं पोट पुसलं की मुततात
हे लामाराला ठाऊक, वाझाला नव्हतं.
मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत म्हणतात,
त्याची बोटं लागायची.
एका करड्यानं तिसऱ्या रात्री दूध धरलं नाही.
पहाटे ते बाटलीपेक्षा थंड होतं.
कुठं पुरलं ते वाझा बोलला नाही,
फक्त पहार परत आणून ठेवली,
टोकाला गोठलेली माती.

एप्रिलात घरं बघणं सुरू झालं.
पोरगी द्यायची असावी तशा लामाराच्या चौकश्या:
खिडक्यांना जाळी आहे?
उन्हाळ्यात बातुमीला गेलात तर मागं कोण?
आधीचं मांजर कशानं गेलं?
एका बाईंनी विचारलं, निळ्या डोळ्यांचं मिळेल का.
त्यांना चहा मिळाला.

पांढरे मोजे रुस्तावीला गेले, एका नर्सकडे.
करडं गेलं चौदाव्या मजल्यावर;
पियानोचे खालचे सूर तिथं आता वाजत नाहीत,
त्यांच्यावर ते झोपतं.
उरलं माखलेलं. धुतल्यावर पिवळं निघालं,
तरी नाव वंगणच पडलं.
त्याला न्यायला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आला, आईला घेऊन,
बुटांच्या खोक्याला कात्रीनं भोकं पाडून.
वाझानं भोकं मोजली. सतरा.
‘पुरेत,’ म्हणाला.

मधल्या काळात आईलाही पकडून नेलं होतं.
ऑपरेशन झालं, डाव्या कानाचं टोक कापलं,
पुन्हा अंगणात सोडलं.
तिच्यासाठी कुणी जाळीची चौकशी केली नव्हती.

त्या संध्याकाळी ती लिफ्टपाशी आली.
खड्ड्याची जाळी आता नवी, वाझानंच ठोकलेली.
तिनं ती हुंगली. बसली.
मुलगा शेजारून खोकं घेऊन निघाला,
खोक्यातून एकदाच आवाज आला,
आणि तिनं दीड कान टवकारले.

वाझा काही बोलला नाही.
पाच घरं तिची,
सहावं त्याचं स्वयंपाकघर,
सातवं कुणी तिला दाखवलंच नव्हतं.
रुस्तावी लांब. पण चौदावा मजला…
तो लिफ्टमध्ये शिरला, नाणं टाकलं,
बोट चौदावर ठेवलं, दाबलं नाही.
ती आत येईल असं त्याला वाटलं का, सांगता येत नाही.
दार मात्र त्यानं बराच वेळ
पायानं अडवून धरलं होतं.