अर्धा थेंब

पपा तिसऱ्या पाळीवरून सातला येतात
रबाळ्याच्या कंपनीचा वास अंगावर घेऊन,
चहा पितात, भिंतीकडे तोंड करून झोपतात.
नऊला माझं कॉलेज भरतं
त्यांच्या पायांपासून दीड हातावर.

घणसोली, सेक्टर सात. एक खोली, एक स्वयंपाकघर.
मिक्सर बंद, कुकर बंद,
आईचा खोकलासुद्धा पदरात.
मी म्हणजे हिरव्या गोलातलं एक ‘मृ’,
रोल नंबर अठ्ठेचाळीस, वर्षभर म्यूट.
सबनीस मॅडमना वाटायचं, मुलगी अबोल आहे.

केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष.
ॲप्रनला भोकं पडायची ती याच वर्षी.
आम्ही पाहिलं ते मॅडमच्या ओट्यावरचं ब्युरेट,
तांदळाच्या डब्याला चिकटपट्टीने बांधलेल्या मोबाईलमधून,
मागे कुणीतरी दूध उतू गेलं म्हणून ओरडत असताना.
“नीट बघा आता. एकेक थेंब.
रंगहीन… रंगहीन… अजून रंगहीन…”
आणि नेमकं तिथेच अडकायचं.
फ्लास्कवर ते बारकं चक्र फिरत राहायचं.
सुटायचं तेव्हा फ्लास्क गुलाबी.
मधलं काही घडलंच नव्हतं जणू.

जर्नलमध्ये सगळ्यांनी मॅडमचंच रीडिंग लिहिलं,
नऊ पूर्णांक आठ.
मुंब्र्याच्या झेबाचं नऊ पूर्णांक आठ,
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसणाऱ्या विक्रांत भोईरचंही तेच.
बासष्ट ब्युरेटं एकाच थेंबाला थांबली.

त्रेसष्टावं प्रणितचं.
त्याचा गोल दिवाळीनंतर दिसला नाही.
कुणी म्हणालं तुर्भ्याच्या गोडाऊनला लागला,
कुणी म्हणालं घरात फोन एकच, आणि बहीण दहावीला.
मॅडम दोन आठवडे नाव पुकारत राहिल्या,
मग अठ्ठावीसनंतर एकदम तीस.

एके दिवशी त्यांनी विचारलं,
“इंडिकेटर कुठला घ्याल?
बोला रे कुणीतरी. निदान आहात एवढं तरी सांगा.”
सगळे गोल गप्प.
आणि माझ्या मागून, चादरीच्या आतून,
झोपेने जड झालेला आवाज:
“फिनॉप्थलीन घ्या की.”

माझा माइक कधीपासून चालू होता देव जाणे.
“बरोबर. कोण बोललं?”
मी टाइप केलं, माझे वडील, सॉरी मॅडम.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
मला वाटलं नेट गेलं.
मग म्हणाल्या, “त्यांना विचार, शेवट कसा ओळखतात?”

पपा उठून बसले. बनियनवर, केस विस्कटलेले.
कॅमेऱ्याकडे न बघता, माझ्या बोटांकडे बघत म्हणाले,
“शेवटाला घाई करू नगं.
नळीच्या तोंडाला अर्धा थेंब लोंबतो बघ,
त्यो काचंला टेकवायचा, पाण्यानं धुवून आत घ्यायचा,
हलवायचं आन् थांबायचं.
गुलाबी आलं आन् गेलं, तर खोटं.
आलं आन् ऱ्हायलं, तर लिवायचं.”

दहावी नापास. तेवीस वर्षं रिॲक्टरपाशी.
हजेरीला अठ्ठेचाळीसवर मॅडम म्हणाल्या, “दोघंही हजर.”
पपा तोवर पुन्हा झोपले होते.

तिसऱ्या वर्षी वाशीचं कॉलेज उघडलं.
काच हातात आली.
एवढी थंड असते, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.
बोट थरथरलं, नळ सुटला,
फ्लास्क कोकम सरबतासारखा गडद.
ओतला. बेसिन आधीच गुलाबी होतं,
आख्ख्या वर्गाने आपापला पहिला फ्लास्क तिथेच ओतलेला.
एकोणतीस नंबरचं ब्युरेट
धुऊन उलटं टांगलेलं, कोरडं.

पुन्हा भरलं.
अर्धा थेंब काचेला टेकवला, धुतला.
हलवलं.
थांबले.

नऊ पूर्णांक तीन.
शेजारून झेबा कुजबुजली,
“आठ लिही ना, सगळ्यांचं आठच आहे.”
मी पेनाचं टोपण काढलं.
गुलाबी अजून होतं.